सीएल प्रोग्राममधे फाईल लॉक झाली की काय करायचं

आयबीएम आय वर (आयबीएमची सर्व्हरसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम; सीएल ही तिची कमांड-भाषा) रात्रीचा जॉब सीएलआरपीएफएम ला, म्हणजे फाईलमधला डेटा रिकामा करणाऱ्या कमांडला, येऊन अडकतो आणि सकाळी लोक म्हणतात प्रोग्राम बिघडला, पण प्रोग्राम ठीक असतो, दुसऱ्या कुणाच्या तरी जॉबने फाईल उघडी ठेवलेली असते, एवढंच. मला वाटतं याचा बंदोबस्त क्लिअर करायच्या आधीच व्हायला हवा. म्हणजे आधी एएलसीओबीजे (फाईल राखून ठेवायची कमांड) ने *ईएक्ससीएल लॉक मागायचा, म्हणजे फाईल फक्त आपल्याच जॉबकडे, वेट मधे ३० सेकंद वगैरे स्वतः द्यायचे, आणि लगेच खाली सीपीएफ१००२ (लॉक मिळाला नाही, हा एरर मेसेज) पकडण्यासाठी मॉनएमएसजी. लॉक नाही मिळाला तर डीएलवायजॉब (जॉब थांबवायची कमांड) ने थोडं थांबून परत प्रयत्न, पण काउंटर ठेवा हं, नाहीतर लूप रात्रभर फिरत बसतो.

दोन-तीन फाईली लागत असतील तर त्या एकाच कमांडमधे मागा, कारण सगळ्या मिळाल्या नाहीत तर एकही लॉक होत नाही, अर्धवट अडकण्याचा प्रश्नच येत नाही.

खरा त्रास एसक्यूएल चा. कर्सर (क्वेरीचे रेकॉर्ड एकेक वाचायची सोय) बंद केला तरी सिस्टीम तो वेगासाठी आतून अर्धवट उघडा ठेवते आणि डब्ल्यूआरकेओबीजेएलसीके (फाईलवर कुणाचे लॉक आहेत ते दाखवणारी कमांड) मधे लॉक दिसत राहतो. तिथे एएलसीओबीजे वर कॉन्फ्लिक्ट(*आरक्यूएसआरएलएस) दिलं की असे कर्सर सोडले जातात, खूप उपयोगी आहे हे. मात्र कुणी खरंच फाईल वापरत असेल तर ते सुटत नाही, आणि सुटूही नये.

शेवटी लॉक सोडायला डीएलसीओबीजे, जितक्यांदा घेतला तितक्यांदा.