जास्वंद आधी काळी पडते

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं आणि आधी डोळ्यांपुढे आले ते चित्रकलेचे सर. नाव लिहीत नाही, आपल्यापैकी कुणाला लागणारही नाही.

१९९२ साली, मी नववीत असताना, शाळेच्या हस्तलिखित अंकातल्या भूतकथेचं चित्र माझ्याकडे आलं. मुंबईच्या सहलीत राजाबाई टॉवर पाहिला होता; त्याच्या टोकदार गॉथिक कमानी डोक्यातून जात नव्हत्या. तसाच मनोरा काढला, खिडकीत झगा घातलेली बाई. झगा पांढरा, रात्र काळी, डोळे लालभडक. सरांनी बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "संध्याकाळी काळारामाच्या देवळापाशी ये."

दरवाजाबाहेर फुलवालीच्या पाटीत जास्वंदी होत्या. "हिच्याकडे बघत राहा." तिन्हीसांज झाली, अजून दिवे लागले नव्हते. बघता बघता लाल जास्वंद काळी पडली, तिची पानं मात्र दिसत राहिली. "उजेड कमी झाला की डोळ्याला लाल आधी दिसेनासा होतो, निळा-हिरवा मागे राहतो. मग तुझ्या भुताचे डोळे रात्री लाल कसे रे?" नंतर त्यांनी देवळाच्या भिंतीकडे बोट केलं. आपण ज्याला काळा दगड म्हणतो, तो कुठे निळसर होता, कुठे जांभळट. लहानपणापासून त्या देवळात जात होतो, पण दगड पाहिला तो त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझी काळ्या रंगाची बाटली काढून घेतली. प्रशियन ब्लू या गडद निळ्यामध्ये बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून रात्र करायला लावली. निळा वाढला की गारठा यायचा, सिएना वाढला की जुनं लाकूड. चेहऱ्याला आधी हिरव्याचा पातळ हात, वाळल्यावर वरून फिकट गुलाबी. इटलीतले जुने चित्रकार जिवंत माणसांची कातडीही अशीच हिरव्यावर चढवायचे, हेही त्यांनीच सांगितलं. "तू गुलाबी कमी ठेव, रक्त आटल्यासारखं दिसेल." झग्यासाठी कागद कोरा सोडला, घड्यांत तेवढा राखाडी-निळा. पिवळा फक्त मेणबत्तीला. तिच्या उजेडातला तो हिरवट चेहरा बघून माझ्या धाकट्या बहिणीने वही मिटून टाकली!

आज पुण्यात अ‍ॅनिमेशनच्या पात्रांचे रंग ठरवतो. हाताखालच्या मुलांना आधी संध्याकाळी बाहेर नेतो. सर गेले तेव्हा मी परदेशी होतो, ते अजून सलतं. आता चित्रकलेचे तास कमी झालेत असं ऐकलं, फार वाईट वाटलं.

ते हस्तलिखित कुणाच्या माळ्यावर असेल तर कृपा करून कळवा. न्यायला मी स्वतः येईन.