आमची वाटचाल : वागळे इस्टेटमधला एक गाळा आणि जुन्या बुलेट

२००७ साली मी ज्या कारखान्यात टर्नर होतो तो बंद पडला. हिशेबाचे जे पैसे हातात आले, त्यातून एक जुना लेथ घेतला आणि वागळे इस्टेटमध्ये भाड्याने गाळा. एमआयडीसीची सुरुवात १९६२ साली इथूनच झाली, त्यामुळे हार्डनिंग, ग्राइंडिंग, प्लेटिंग सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. पहिली दोन-तीन वर्षं पंपाच्या बुश आणि शाफ्टवर गेली. मग शेजारच्या गॅरेजवाल्याने बुलेटची कामं द्यायला सुरुवात केली, आणि तिथेच जीव रमला.

२०१० साली नौपाड्यातल्या एका काकांची कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट आली. त्यांच्या वडिलांनी घेतलेली गाडी. बोअर केला, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, पॉइंट, कंडेन्सर, सगळं नवं घातलं. पॉइंटच्या प्लेटखालचा अ‍ॅडव्हान्स, म्हणजे वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी वजनं आणि स्प्रिंगांची जोडणी, मात्र रॉकेलने धुतला आणि तसाच परत बसवला. आठवड्याने फोन आला. किकने उलटा झटका दिला होता. मी घरी गेलो तेव्हा काका सुजलेला घोटा स्टुलावर ठेवून बसले होते. काकूंनी चहा दिला, पण एक शब्द बोलल्या नाहीत. ते मला फार लागलं.

गाडी गाळ्यावर आणून उघडली. दोन स्प्रिंगांपैकी एक ताणून सैल झालेली, आणि ज्या पिनेवर वजन फिरतं त्या पिनेला पायरी पडलेली. वेग वाढला की वजन बाहेर जायचं आणि त्या पायरीत अडकून बसायचं. इंजिन बंद केलं तरी पॉइंट उघडणारा कॅम पुढेच. मग किक मारताना पिस्टन अजून वर येतोय तोवर ठिणगी पडणार, आणि पेटलेला गॅस पिस्टनला उलटा ढकलणार. काकांनी अ‍ॅमीटरचा काटा बरोबर मध्ये आणून किक मारली होती, त्यांची काही चूक नव्हती. चूक माझी होती.

तेव्हापासून अ‍ॅडव्हान्स पूर्ण सुटा केल्याशिवाय आम्ही इंजिन बांधायला घेत नाही. पिनेवरून नख फिरवायचं, पायरी असेल तर नख अडकतं. वजनाचं भोक भिंगाखाली पाहायचं, लांबट झालं असेल तर बुश घालायची किंवा नवं वजन. स्प्रिंगच्या टोकांचे आकडे (हूक) बघायचे, कारण झिजतात ते आकडेच, मधले वेढे क्वचित. कॅमचा स्पिंडल (दांडा) आडवा ढकलून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, लावायचं. पॉइंटची गॅप ०.४० मिमी ठेवली आणि ढकलल्यावर ती ०.३० होत असेल, तर स्पिंडलची बुश गेली, तिथे नवे पॉइंट घालून काही होत नाही. शेवटी तेलाचा एक थेंब, कॅम हाताने फिरवायचा आणि सोडायचा. तो टचकन जागेवर आला पाहिजे. रेंगाळला तर पुन्हा उघडायचं.

गिऱ्हाइकांना हे काम बारीकसारीक वाटतं. मी त्यांना सांगतो, फोरस्ट्रोकमध्ये हा कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून इथे दोन अंशांची ढिलाई आली की क्रँकवर ती चार अंश होते. अ‍ॅडव्हान्स लवकर उघडला की चढावर इंजिन ठोकतं. उघडलाच नाही तर गाडी ओढत नाही, तापते, सायलेन्सरचा पाइप निळा पडतो.

२०१६ मध्ये शिलाई मशीनची मोटर आणि पायडल घेऊन आम्ही एक जिग बनवला. त्यावर स्पिंडल फिरवायचा, अंशांच्या चकतीवर टायमिंग लाइट मारायचा. अ‍ॅडव्हान्स कुठे उघडतो, कुठे थांबतो, परत येताना कुठे अडतो, सगळं डोळ्यांना दिसतं. हे टेबल आता आयटीआय केलेली एक मुलगी सांभाळते. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. प्रत्येक इंजिनाचं कार्ड ती लिहिते, आणि जुन्या पिना त्याच कार्डाला टाचून गिऱ्हाइकाला देते. गाडी ताब्यात देण्याआधी घोडबंदर रोडने गायमुखचा चढ मी स्वतः चढून येतो, टॉप गिअरमध्ये, कान इंजिनाकडे लावून.

सध्या बाकावर दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी वापराची बीएसए एम २० मोटरसायकल आहे. हिचा अ‍ॅडव्हान्स हँडलवरच्या लिव्हरने हाताने द्यायचा, त्यामुळे इथे वजनं आणि स्प्रिंगांऐवजी केबल आणि मॅग्नेटोतली (ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या भागातली) कॅमची रिंग तपासायची. रिंग मॅग्नेटोतल्या तिच्या खोबणीत घट्ट बसली आहे. दोन दिवस डिझेलमध्ये ठेवली, आज सकाळी जराशी हलली.