पाचटाचा धूर आणि दोन देशांचा हिशेब

करवीर तालुक्यातील आमच्या शेतातला ऊस नुकताच तुटला. तोडकऱ्यांनी वाड्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधून नेल्या, शेवटची खेप कारखान्याकडे गेली आणि मागे गुडघाभर पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, उरले. संध्याकाळी चुलतभावाने बांधाकडून काडी लावली. मधला वाळलेला पाला बघता बघता भडकून गेला. पाटाकडेच्या ओलसर पट्ट्यात मात्र ज्वाळा उठली नाही, तेथे पांढरा, दाट धूर रात्री उशिरापर्यंत जमिनीलगत रेंगाळत होता. पाचट जाळल्याने मिथेन हा हवा तापवणारा वायू निघतो, आणि त्याचा प्रश्न मुख्यतः त्या पट्ट्यातला आहे. पाला नीट पेटला की त्यातील कार्बनचा बहुतांश भाग कार्बन डायऑक्साइड होऊन जातो, आणि तो पुढच्या हंगामाचे पीक पुन्हा शोषून घेते असे धरून तापमानवाढीच्या हिशेबात घेतला जात नाही. धुमसणाऱ्या, अर्धवट जळणाऱ्या पाल्यातून निघणारा मिथेन मात्र तसा परत येत नाही. शंभर वर्षांच्या हिशेबात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट उष्णता अडवतो.

देशोदेशींच्या तुलनेसाठी हवामान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाने २००६ साली दिलेले गुणक वापरले जातात. एक किलो कोरडा पाला जळाला की २.७ ग्रॅम मिथेन निघतो, आणि एक हेक्टर उसाच्या रानात साडेसहा टन पाला जळतो, असे त्यात धरले आहे. म्हणजे हेक्टरी साधारण साडेसतरा किलो आणि एकरी सात किलो मिथेन. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. आमच्या एका एकराने त्या संध्याकाळी त्याच्या निम्म्या वजनाचा मिथेन हवेत सोडला.

याच गुणकांनी भारत आणि ब्राझील शेजारी ठेवून पाहावेत असे मला वाटले, कारण जगात सर्वाधिक ऊस पिकवणारे हेच दोन देश आहेत. ब्राझीलमध्ये उसाखाली सुमारे एक कोटी हेक्टर जमीन आहे, आपल्याकडे सुमारे पन्नास लाख. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या पद्धतीत कापणी झालेल्या क्षेत्रापैकी सरसकट दहा टक्के क्षेत्रावर अवशेष जाळले जातात असे गृहीत धरलेले आहे. त्या हिशेबाने ब्राझीलच्या उसातून वर्षाला सुमारे साडेसतरा हजार टन मिथेन निघतो आणि भारताच्या उसातून पावणेनऊ हजार टन. आकडे गणिताने बरोबर आहेत, पण ही तुलना जळण्याची नाही, क्षेत्रफळाची आहे. दोन्हीकडे तेच दहा टक्के धरल्यावर उत्तर ठरवते ती लागवड. काडी कोणी लावली आणि कोणी टाळली, याला त्या उत्तरात जागाच उरत नाही.

आणि ब्राझीलने ती टाळली आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. तेथे हाताने तोडणी सोपी व्हावी म्हणून उभा ऊसच पेटवण्याची रीत होती. देशातला निम्म्याहून अधिक ऊस पिकवणाऱ्या साओ पावलो राज्याने २००२ साली कायदा करून जाळणे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले. त्यात यंत्राने तोडता येणाऱ्या रानांसाठी २०२१ आणि उरलेल्या रानांसाठी २०३१ ही मुदत होती. पुढे २००७ साली कारखानदारांशी झालेल्या करारात या मुदती २०१४ आणि २०१७ वर आणण्यात आल्या. हिरवा ऊस यंत्राने तुटू लागला आणि पाला रानातच राहू लागला. याची किंमत हाताने ऊस तोडणाऱ्या मजुरांनी रोजगार गमावून मोजली, हेही विसरता येत नाही. बीडहून आमच्याकडे येणाऱ्या टोळ्यांचा विचार केल्याशिवाय तो मार्ग जसाच्या तसा येथे आणा, असे मी म्हणणार नाही.

भाताबाबत हीच गफलत उलट्या दिशेने होते. भारतात साडेचार कोटी हेक्टरांहून अधिक भात आहे, म्हणून सरसकट दहा टक्क्यांनी भारताचा आकडा ब्राझीलच्या कितीतरी पुढे जातो. पण राधानगरी-गगनबावड्याकडे पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, जाळायचे कोणाच्या मनातही येत नाही, कारण म्हशीला वर्षभर तेच पुरवायचे असते; पंजाबात मात्र भात निघाल्यावर गव्हाच्या पेरणीची घाई असते आणि रानेच्या राने पेटतात. या दोन्ही ठिकाणांना एकच टक्केवारी लावणे मला पटत नाही.

चुलतभावाशी यावर बोललो. तो म्हणाला, "दादा, पाचट ठेवलं की सरीत पाणी पुढं सरकत नाही आणि बुडखे छाटायला माणूस मिळत नाही." त्याची अडचण खरी आहे. पण एकरी तीन टन पाचट धरले आणि त्यात अर्धा टक्का नत्र धरला, तर पंधरा किलो नत्र, म्हणजे जवळपास पाऊण गोणी युरिया, आम्ही दरवर्षी जाळतो. पाचट सरीत दाबून त्यावर टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो जिवाणू खत टाकण्याची शिफारस जुनीच आहे. पुढच्या खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणाऱ्या पिकाला, निम्म्या रानात तसे करून पाहायला तो तयार झाला आहे.

मी या हंगामापासून आमच्या पाणंदीलगतच्या रानांची एक वही घातली आहे. तीत गट क्रमांक, तोडीची तारीख, आणि पाचट पेटले की राहिले, एवढ्याच तीन रकान्यांची नोंद ठेवतो.