गेजवर पूर्ण प्रेशर, तरी रिअ‍ॅक्टर थंड

रबाळे एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यातून सोमवारी फोन आला. रविवारी बॉयलर बंद होता, सकाळी स्टीम सोडली, पण जॅकेटवाला (बाहेरून वाफेचं कवच असलेला) रिअ‍ॅक्टर तापेना. "साहेब, प्रेशर पूर्ण आहे, बॅच चढतच नाही," ऑपरेटर म्हणाला. जॅकेटचं गेज खरंच 3 बार दाखवत होतं. सुपरवायझरना पीआरव्ही (वाफेचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह) फिरवून 4 बार करायचे होते. मी थांबवलं आणि जॅकेटच्या थर्मोवेलमध्ये (तापमान मोजण्यासाठी आत बसवलेल्या बंद नळीत) प्रोब घातला. (चकचकीत स्टीलवर इन्फ्रारेड गनचा आकडा धरू नये, ती बरंच कमी दाखवते.) प्रोबवर 133 अंश.

इथेच उत्तर होतं. गेजचे 3 बार म्हणजे वातावरणाचा सुमारे 1 बार धरून निरपेक्ष दाब 4 बार, आणि त्या दाबाची निव्वळ संपृक्त वाफ (द्रवण्याच्या बेतातली) 144 अंशांवर असते. 133 अंश हे 3 बार निरपेक्ष दाबाच्या वाफेचं तापमान. मग उरलेला एक बार हवेचा. गेज दोघांची बेरीज दाखवतं, वाफ किती आणि हवा किती हे त्याला कळत नाही.

हवा आली कुठून? बॉयलर बंद झाल्यावर जॅकेटमधली वाफ द्रवते. वातावरणाच्या दाबाला 1 किलो वाफ 1.67 घनमीटर जागा व्यापते, तिचं पाणी जेमतेम एक लिटर. आत निर्वात होतो आणि व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून (दांड्याभोवतीच्या सीलमधून), गॅस्केटमधून हवा खेचली जाते. सोमवारी स्टीम सोडली की ही हवा कोपऱ्यात दाबली जाते. वाफ अडवून पाणी बाहेर सोडणारा ट्रॅप डिस्कचा होता. वेगाने येणाऱ्या हवेनेही त्याची डिस्क बसून तो बंद होतो, त्यामुळे तिथूनही सुटका नाही.

नुकसान फक्त 11 अंशांचं नव्हे. गेजच्या 3 बारला 1 किलो वाफ द्रवताना सुमारे 2,130 किलोज्यूल उष्णता देते. हवा द्रवत नाही. वाफ भिंतीवर पाणी होते, हवा तिथेच साचते, आणि मागून येणाऱ्या वाफेला त्या थरातून वाट काढावी लागते. दाब वाढवला असता तरी हा थर राहिलाच असता.

स्टीम बंद केली, दाब शून्यावर आणला. इनलेटच्या समोरच्या बाजूचा वरचा प्लग काढून तिथे बॉल व्हॉल्व्ह लावला, कारण वाफ हवेला इनलेटपासून लांब ढकलते. मग हवा निघून जावी म्हणून तो उघडा ठेवून सावकाश स्टीम सोडली. गेज 3 वरच ठेवलं, प्रोब मात्र 143 वर गेला आणि बॅच चढू लागली.

पुढच्या शटडाउनला तिथे थर्मोस्टॅटिक एअर व्हेंट (तापमानानुसार आपोआप हवा सोडणारा व्हॉल्व्ह) बसवला. व्हॅक्युम ब्रेकर असला तरी हा व्हेंट लागतोच, कारण ब्रेकर बाहेरची हवा आत घेऊनच निर्वात मोडतो.