सपाट जमिनीचा खेळ आणि डोंगरातली मुले
आज ठाण्यातील एका मैदानावर शहापूर तालुक्यातील डोंगरपाड्यांवरून आलेल्या मुलांचा बेसबॉलचा सराव पाहिला. क्रिकेटमध्ये एकट्या यष्टिरक्षकाकडे हातमोजे असले तरी खेळ सुरू होतो. बेसबॉलमध्ये मात्र क्षेत्ररक्षण करणाऱ्या नऊही जणांना ग्लव्ह लागतो, आणि डावखुऱ्या मुलासाठी तर उजव्या हातात घालायचा वेगळाच ग्लव्ह मिळवावा लागतो. दोन बेसमधील (धावताना गाठायच्या चार टप्प्यांमधील) 90 फुटांचे अंतर चारही बाजूंनी आखता येईल एवढी सपाट जागा उतारावरच्या भातखाचरांत मिळणे कठीण, आणि मिळालीच तरी जून ते सप्टेंबर तिथे चिखल असतो. तरीही या मुलांची फेक विलक्षण अचूक आहे! तालुक्याच्या ठिकाणी शासनाने एक कायमचे मैदान आणि ग्लव्हचा सामायिक संच द्यायलाच हवा, असे मला मनापासून वाटते.