मामांचा एमआरआय नॉर्मल आला

यावल तालुक्यात केळीची शेती करणाऱ्या माझ्या धाकट्या मामांना बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे द्विध्रुवीय मनोविकार आहे. उन्मादाच्या काळात त्यांनी रात्री दोन वाजता फोन करून, आमच्या मालकीच्या नसलेल्या शेतासाठीही टिश्यूकल्चरची रोपे नोंदवल्याचे मोठ्या आनंदाने सांगितले होते. त्याच मामांनी पुढे नैराश्यात, घड कापणीला आलेले असताना, तीन आठवडे बागेत पाऊल टाकले नाही. मधल्या काळात मात्र ते आमच्यापैकी कोणाहीपेक्षा शहाणे असतात. अशाच एका शांत काळात मामेभावाने हट्टाने जळगावला त्यांच्या मेंदूचा एमआरआय करून घेतला, जो मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलेलाच नव्हता. अहवाल नॉर्मल आला आणि गोळ्या बंद करायला हरकत नाही, असे घराने परस्पर ठरवून टाकले.

साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. गाठ, रक्तस्राव, जुनी इजा असेल तर ती त्यात दिसते. मेंदूचा कोणता भाग केव्हा किती काम करतो, हे पाहणारे फंक्शनल एमआरआय हे तंत्र वेगळे आहे. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवून दिलेल्या तत्त्वानुसार ते रक्तातील प्राणवायूच्या बदलांवरून हा अंदाज बांधते. संशोधक रुग्णाला यंत्रात झोपवून भेदरलेले किंवा रागीट चेहरे दाखवतात, किंवा ठरावीक खूण दिसताच बटण दाबण्याची ऊर्मी रोखायला सांगतात.

अशा प्रयोगांतून उन्मादाचे चित्र बरेच स्पष्ट झाले आहे. भावनांची चाहूल घेणारा, बदामाच्या आकाराचा अमिग्डाला अनेकदा वाजवीपेक्षा जास्त पेटतो आणि त्याला आवर घालणारा, कपाळामागचा खालच्या बाजूचा भाग मंद पडतो. नैराश्याचे चित्र इतके एकसारखे नाही. अमिग्डालाची प्रतिक्रिया कुठे वाढलेली, कुठे घटलेली आढळते. मात्र १९८५ मध्येच, मेंदू किती ग्लुकोज वापरतो हे दाखवणाऱ्या पेट (PET) स्कॅनवर असे दिसले होते की द्विध्रुवीय नैराश्यात मेंदूचा ग्लुकोजचा एकूण वापर उतरलेला असतो आणि मनःस्थिती वर आली की तोही वर येतो.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो स्थिर काळ. त्या काळात अमिग्डाला बहुधा ताळ्यावर येतो, पण आवर घालणाऱ्या भागाची कमतरता अनेक अभ्यासांत शिल्लक राहिलेली दिसते. मामांच्याच भाषेत सांगायचे तर मोटारीचा दाब नेहमीसारखा झाला, तरी ठिबकचा व्हॉल्व्ह ढिलाच राहिला.

हे मी मामींना समजावले तेव्हा त्यांनी विचारले, "मग फोटोत काबरं दिसलं नाही?" प्रश्न रास्त होता. हे सगळे फरक रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या गटांच्या सरासरीतले आहेत. एका माणसाचे चित्र पाहून निदान करता येईल इतके ते ठळक नसतात. म्हणून निदान आजही झोप, खर्च, बोलण्याचा वेग आणि घरच्यांनी सांगितलेला इतिहास यांवरूनच होते. महागड्या यंत्रापेक्षा मामींची आठवण अधिक कामाची ठरते, हे ऐकून त्या जरा सुखावल्या.

मामांच्या गोळ्या लिथियम या औषधाच्या आहेत. उन्मादावर त्याचा उपयोग ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये नोंदवला होता. पुढे २०१८ मध्ये अनेक देशांतील सुमारे अडीच हजार रुग्णांच्या एमआरआयचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांच्या मेंदूचे बाह्यावरण काही भागांत सरासरीने पातळ आढळले, तर लिथियम घेणाऱ्यांमध्ये ते तुलनेने जाड होते. हे लिथियममुळेच घडले असे त्यावरून सिद्ध होत नाही, पण गोळ्या बंद करण्याचा मामेभावाचा हट्ट मोडायला एवढे पुरले.

आमच्याकडे खरी काळजी मे महिन्याची असते. पारा पंचेचाळीसच्या घरात गेला आणि घामावाटे पाणी व मीठ गेले, की रक्तातील लिथियमची पातळी धोकादायक वाढू शकते. अंगदुखीवर दुकानातून परस्पर आणलेल्या काही वेदनाशामक गोळ्यांनीही ती वाढते. त्यामुळे मामा आता बागेत जाताना पाण्याचा कॅन सोबत नेतात, आणि रक्ततपासणीची तारीख मामींनी केळीच्या हिशेबाच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवली आहे.