पिंपरीची काच, चाकणचं बॉनेट

साताऱ्याहून पहाटे निघालो तो कात्रजचा बोगदा ओलांडून थेट पुण्याच्या कॅम्पात. रविवारी सकाळी तिथल्या एका मैदानावर जुन्या गाड्यांचे मालक जमणार होते, आणि मला त्या गाड्या कव्हरखाली झाकलेल्या नव्हे, चालत येताना पाहायच्या होत्या.

आधी आली गोल पाठीची फियाट, आपल्याकडची ‘डुक्कर फियाट’. पुढचे दरवाजे उलटे उघडणारे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर.

‘‘काका, बॉनेट उघडता का जरा?’’

‘‘उघडतो की! हात मात्र लावू नकोस, तापलंय.’’

आत १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि भोवती मोकळी जागा. पेट्रोल कुठून येतं, ठिणगी कुठे पडते, पंखा कशावर फिरतो, सगळं नजरेनं मागोवा घेत कळतं. काका पंधरा मिनिटं न थांबता बोलत होते.

शेजारी मर्सिडीजची डब्ल्यू १२४ ई-क्लास होती. १९९५ साली ही गाडी टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, पुण्यातल्या कारखान्यात जोडली जाऊ लागली. तिच्या पुढच्या काचेवर वायपर एकच. तो नुसता अर्धगोल फिरत नाही, वरच्या कोपऱ्याकडे जाताना लांब होतो आणि मध्यावर आखडतो, म्हणून दोन्ही कोपरे स्वच्छ पुसले जातात. मालकांनी काचेवर पाणी मारून तो चालवून दाखवला. लाकूड, चामडं, बॉनेटवरचा तारा हे ऐश्वर्य आहेच, पण मी पाहत राहिलो तो वायपर.

मग टाटा सिएरा. १९९१ ची, पिंपरीची, टेल्कोलाइन पिकअपवरून घडवलेली. तीन दारं आणि मागच्या सीटवर छताकडे वळत गेलेली ती मोठी काच! प्रदर्शनात संकल्पना म्हणून मांडायची आणि विक्रीला आणताना कापून टाकायची अशी ही कल्पना. टाटांनी ती सरळ रस्त्यावर आणली. काच उघडत नसे, मागच्यांना उन्हाचा तडाखा बसे, हेही खरंच. तरी मी मागे बसून आभाळ पाहिलं आणि उठावंसं वाटेना.

दुपारी बाणेरकडे एका शोरूममध्ये मर्सिडीजची इलेक्ट्रिक ईक्यूएस पाहिली. तीही इथलीच, चाकणला २०२२ पासून जोडली जाऊ लागली. हवेला अडथळा इतका कमी की ड्रॅगचा आकडा फक्त ०.२०. डॅशबोर्डभर १४१ सेंटिमीटर रुंद काचेचा स्क्रीन. अभियांत्रिकी म्हणून मी तिच्यापुढे नतमस्तक आहे. पण तिचं बॉनेट मालकानं उघडायचंच नाही. वायपरचं पाणी भरायला डाव्या फेंडरवर एक झाकण दिलंय, बस्स. इतक्या सुंदर यंत्राला मालकापासून बंद ठेवावं, हे मला पटलं नाही.

तिथून निघून नवी सिएराही पाहिली. २०२० च्या ऑटो एक्स्पोत तिची संकल्पना आली होती. २०२५ मध्ये गाडी आली ती पाच दारांची. मागे दारं आल्यावर छताकडे वळणारी काच गेली, काळ्या रंगानं तिचा आभास तेवढा राहिला. मागच्या सीटवर पाय पसरून बसलो, काच खाली केली, वारा आला. घरच्यांना घेऊन लांब जायला हीच बरी. पिंपरीतल्या ज्या कारागिरांनी ती पहिली काच पत्र्यात बसवली, त्यांच्यापैकी कुणी भेटलं तर मात्र पुढच्या खेपेला त्यांच्याकडेच आधी जाईन.